देशी-विदेशीचे मूळ एकच : मळी!

श्रीरामपूर : राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या दप्तरी 'देशी दारू' आणि 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. दोहोंची दुकाने वेगळी, कर वेगळा आणि ग्राहकही वेगळा. परंतु दोन्ही बाटल्यांतील मद्यार्काचे मूळ अनेकदा एकच असते, ते म्हणजे साखर कारखान्यातील मळी.

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस फोफावला. महादेव डहाणूकर यांनी १९३३ मध्ये श्रीरामपूरलगत टिळकनगर येथे 'महाराष्ट्र शुगर मिल्स'ची स्थापना केली. साखरेकडून मद्याकडे वळलेली हीच कंपनी आज 'टिळकनगर इंडस्ट्रीज' म्हणून ओळखली जाते. तिची 'मॅन्शन हाऊस' ही देशातील सर्वाधिक खपाच्या ब्रँडींपैकी एक आहे.

नक्कल कशी होते?

एक टन उसातून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. तीत पाणी व यीस्ट मिसळले की साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. उंच स्तंभांमध्ये ऊर्ध्वपातन करून हा मद्यार्क सुमारे ९६ टक्के शुद्ध केला जातो. या शुद्धीकरणात मूळ पदार्थाचा वास आणि चवही जवळजवळ नाहीशी होते. मग पाणी घालून तीव्रता ४२.८ टक्क्यांवर आणतात. त्यात संत्र्याचा स्वाद मिसळला की देशी दारू, आणि कॅरॅमलचा रंग व ब्रँडीचा अर्क मिसळला की 'विदेशी' ब्रँडी तयार होते.

अस्सल ब्रँडी द्राक्षाच्या वाइनपासून बनते. फ्रान्समधील कोन्याक किमान दोन वर्षे, तर स्कॉच व्हिस्की किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरवावी लागते. म्हणूनच मळीची व्हिस्की युरोपीय संघात 'व्हिस्की' या नावाने विकता येत नाही. रमची गोष्ट निराळी. ती मुळातच उसाची.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षे मुबलक असली तरी ती महाग आणि नाशवंत. मळी मात्र टाक्यांत साठवून वर्षभर वापरता येते. नकलेमागचे खरे अर्थकारण हेच आहे.

प्रश्न नावाचा

आवडत्या बिअरची हुबेहूब नक्कल घरी करण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये त्यासाठीची परवान्याची अट काढून टाकली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा ठरतो. तथापि, त्या छंदिष्टाला आपण नक्कल पीत आहोत याची जाणीव असते. दुकानातील ग्राहकाला ती असतेच असे नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मद्यविषयक मानके १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. त्यांत शेतमालापासून बनवलेल्या शुद्ध मद्यार्काला व्हिस्की व 'ब्लेंडेड' ब्रँडीत मुभा आहे. म्हणजे ही नक्कल बेकायदा नाही आणि परवानाधारक आसवनीतून आलेली असल्याने ती बनावट दारूही नव्हे. मात्र 'विदेशी' या शब्दासाठी जादा दाम मोजणाऱ्याने लेबल वाचलेले बरे. 'ग्रेप' किंवा 'माल्ट' हे शब्द कच्च्या मालाविषयी सांगतात. सोनेरी रंग काहीच सांगत नाही.