विव्हियन मायर यांच्या निगेटिव्ह

१९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या विव्हियन मायर यांनी सुमारे चाळीस वर्षे, मुख्यतः शिकागोत, लोकांची मुले सांभाळण्याची नोकरी केली. गळ्यात रोलीफ्लेक्स कॅमेरा अडकवून त्या रस्त्यांवर फिरत. या कॅमेऱ्यात वरून पाहून फोटो घेता येत असल्याने समोरचा माणूस सहसा बुजत नसे. त्यांनी एक लाखाहून अधिक फोटो काढले, पण ते फारसे कुणाला दाखवले नाहीत. कित्येक रोल तर डेव्हलपही झाले नाहीत.

भाडे थकल्यामुळे २००७ मध्ये त्यांचे साठवलेले सामान लिलावात निघाले. शिकागोच्या एका वस्तीवरील पुस्तकासाठी जुने फोटो शोधणाऱ्या जॉन मॅलूफ यांनी त्यातल्या सुमारे ३०,००० निगेटिव्ह घेतल्या. त्यांना मायर यांचा माग लागला तो एप्रिल २००९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर काही दिवसांनी. त्याच वर्षी मॅलूफ यांनी काही फोटो इंटरनेटवर टाकले आणि ते जगभर पोहोचले. २०११ मध्ये शिकागो कल्चरल सेंटरमध्ये प्रदर्शन भरले. २०१३ मध्ये माहितीपटही आला.

असा ठेवा हाती आला की पहिले काम जपणुकीचे. जुन्या ॲसिटेट फिल्ममधून कालांतराने ॲसिटिक ॲसिड सुटते; तिला व्हिनेगरचा वास येतो आणि ती आकसते. त्याहून जुनी नायट्रेट फिल्म सहज पेट घेते. दमट हवेत फोटोच्या थरावर बुरशी चढते. म्हणून थंड, कोरडी जागा आणि आम्लरहित कागदाची पाकिटे लागतात. निगेटिव्ह नेहमी कडेला धरावी. डेव्हलप न झालेल्या रोलवरची प्रतिमा वर्षे जातील तशी फिकी पडते आणि फिल्मवर धूसरपणा चढतो. असा रोल जाणकाराकडेच द्यावा. निगेटिव्ह स्कॅन केल्यावर ओरखडे पुसायचे ते डिजिटल प्रतीत. मूळ निगेटिव्हला हात लावू नये. पाकिटावरची तारीख, जागा, नाव टिपून ठेवावे, कारण पाकीट हरवले की फोटोचा संदर्भही हरवतो.

पुढचा प्रश्न हक्काचा. निगेटिव्ह विकत घेतली म्हणजे कॉपीराइट मिळत नाही. मायर यांनी मृत्युपत्र केले नव्हते. २०१४ मध्ये त्यांच्या वारसाहक्काचा वाद न्यायालयात गेला. भारतातही २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. म्हणून प्रदर्शन किंवा पुस्तकाआधी वारस शोधणे आवश्यक ठरते.

शिवाय आज दिसणारे मायर यांचे बहुतेक प्रिंट त्यांनी स्वतः काढलेले नाहीत. कोणती चौकट घ्यायची, किती गडद छापायची, हे इतरांनी ठरवले आहे. म्हणून फोटो कुणी काढला आणि प्रिंट कुणी, केव्हा केला, हे प्रत्येक चित्राखाली लिहायलाच हवे. कसबी हातांनी वाचवलेल्या निगेटिव्हलाही या नोंदीशिवाय न्याय मिळत नाही.