उंदीर गरम हवा

उंदराला गार वाटलं की गाठीतलं रक्त सोनोग्राफीच्या पडद्यावरून गायब होतं. हे कळायला माझी एक अख्खी सकाळ आणि सहा उंदरांची मोजमापं वाया गेली.

उंदीर म्हणजे पांढरा, बाल्ब-सी जातीचा, वजन जेमतेम 25 ग्रॅम. कुशीत कातडीखाली 4टी1 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी टोचलेल्या, त्यांची आता हरभऱ्याएवढी गाठ झालेली. नाकाशी आयसोफ्लुरेनची नळी. भुलेत पापण्या मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम. गाठीवरचे केस क्रीम लावून काढायचे. दुकानात मिळतं तेच क्रीम. चारही पंजे टेबलावरच्या धातूच्या पट्ट्यांना चिकटवले की ठोके दिसायला लागतात. जागेपणी मिनिटाला 500 ते 600, भुलेत त्याहून कमी. टेबल खालून तापतं, जेलसुद्धा कोमट करून घ्यायचं.

मग प्रोब. माणसाच्या पोटाच्या सोनोग्राफीला तीन-पाच मेगाहर्ट्‌झ पुरतात, इथे 30-40 लागतात. बारकावे दिसतात, पण सेंटिमीटरभर खोलीच्या पलीकडे फारसं काही नाही. प्रोब हातात धरायचा नाही, स्टँडला अडकवायचा आणि गाठीला न टेकवता जेलच्या थरावर ठेवायचा. गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या इतक्या कच्च्या असतात की जरा दाब पडला तरी मिटतात.

रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा पॉवर डॉपलर लावला की काठाने नारिंगी ठिपके चमकतात आणि मधोमध काळं. ते काळं म्हणजे मेलेला भाग असेल, किंवा रक्त इतकं संथ वाहत असेल की डॉपलरला ते पकडता येत नाही. मग शेपटीच्या शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडायचे, दोन-तीन मायक्रॉनचे. ते रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्याही उजळतात. ती शीर सापडणं हेच खरं कसब. शेपूट कोमट पाण्यात धरल्याशिवाय ती फुगत नाही.

एवढा खटाटोप कशाला? एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला गाठीला नव्या रक्तवाहिन्या लागतात, ही कल्पना ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडली. ती वाट अडवणारं बेव्हॅसिझुमॅब 2004 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. औषध लागू पडतंय का, हे उंदीर न मारता, त्याच उंदरात आठवडाभर पाहता यावं म्हणून हे चित्रण. पण रक्त कमी दिसलं म्हणजे औषध जिंकलं, इतकं ते सरळ नाही. संशोधक राकेश जैन यांचं म्हणणं असं की ही औषधं काही काळ वेड्यावाकड्या वाहिन्यांची घडी बसवतात, आणि तेवढ्यापुरता प्रवाह सुधारूही शकतो.

त्या सकाळी औषध दिलेले सहा उंदीर होते. सहाही गाठी काळ्या. मी आनंदाने फोटोसुद्धा काढला. सरांनी एकच विचारलं, "टेंपरेचर किती होतं?" टेबलाचा प्लग सैल होता, एसी वीसवर. उंदीर 31 अंशांवर गेले होते. अंग गार पडलं की कातडीजवळच्या वाहिन्या आकसतात, आणि आमची गाठ कातडीखालीच. दुसऱ्या दिवशी 37 वर धरून पाहिलं, तर चार गाठींचे काठ पुन्हा नारिंगी.

रात्री घरी, भिलाईला फोन केला. बाबा स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसवर होते. ट्युयरच्या, म्हणजे भट्टीत हवा सोडणाऱ्या नळीच्या, भोकातून निळ्या काचेआडून आतला कोक पेटलेला बघायचे. म्हणाले, "अगं, भोक काळं दिसलं की आम्ही पहिल्यांदा काच पुसायचो. भट्टीला शिव्या त्यानंतर." मग जेवलीस का, हे विचारलं.

अशा प्रयोगांचा शोधनिबंध हाती आला, तर गाठीची रंगीत चित्रं नंतर बघा. आधी पद्धतीच्या भागात उंदराचं तापमान दिलंय का, ते शोधा. दिलं नसेल तर लेखकांना पत्र टाकून विचारा.