झीलकऱ्यांवाचून

निर्मळच्या तळ्यापासून थोड्या अंतरावर, एका घराच्या माळ्यावर, खिडकीस गोधडी टांगून व पंखा बंद ठेवून, विशीतला एक वारली तरुण आपले रॅप मुद्रित करीत होता. त्याच्या आजोबांचे घर-शिवार सूर्या प्रकल्पाच्या धामणी जलाशयाखाली गेले. त्याच धरणाचे पाणी आज वसई-विरारच्या नळांना येते, आणि मोबदल्याच्या दरखास्ती घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या घराण्याचा हा नातू, रोजगाराच्या निमित्ताने, नेमका त्या पाण्याच्या दुसऱ्या टोकास येऊन राहिला आहे.

संगणकावर तारप्याचा एक तुकडा फिरत होता. दुधीभोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडपत्रांचा कर्णा आणि सांधे बुजविणारे मेण, एवढ्या सामग्रीतून निघणारा तो स्वर तुटत नाही. कारण गालांत साठविलेली हवा रेटीत असतानाच वादक नाकाने नवा श्वास घेतो. रॅप म्हणणाऱ्यास ही सवलत नाही. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी’ धरतात तेवढ्यात शाहिराला दम खाता येतो, येथे तेही नाहीत. म्हणून चार ठोक्यांच्या आवर्तनात श्वास कोठे चोरावयाचा, याच्या तांबड्या खुणा त्याने वहीत आधीच करून ठेविल्या होत्या. बुडालेल्या पाड्यातील शेते, ओहोळ आणि आंबे यांची नावे सांगणारी एक ओळ मात्र काही केल्या बसेना. एखादे नाव गाळावे, असे मी सुचविले.

“‘बुडालं’ काढतो, काका. आंब्याचं नाव काढलं तर आजा घरात घेणार नाही.”

क्रियापद गेले; ओळ बसली, आणि माझ्या मते सुधारलीही.

मुंबईच्या ‘स्वदेशी’ समूहाने आरे वसाहतीतील प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन केलेले ‘द वारली रिव्होल्ट’ हे रॅप त्यास मुखोद्गत होते. रॅप म्हणजे परक्यांची उसनवारी, हा आपल्याकडील आक्षेप मला उथळ वाटतो. सुदानच्या यादवी युद्धात लहानपणीच हाती बंदूक आलेला आणि पुढे केनियात आश्रय मिळालेला इमॅन्युएल जाल इंग्रजी, अरबी, स्वाहिली, नुएर अशा भाषा एकत्र गुंफून रॅप करू लागला. २००५ साली त्याने उत्तर सुदानचे गायक अब्देल गादिर सालिम यांच्यासह ‘सीझफायर’ हा संग्रह केला. विस्थापिताला आपल्यांशी आणि परक्यांशी एकाच दमात बोलावे लागते, हे त्या मिश्रणाचे कारण असावे.

आमच्या तरुणापुढेही तोच पेच होता. बऱ्याच खाडाखोडीनंतर त्याने कडवी वारलीत ठेविली आणि ध्रुपद मराठीत घेतले; कचेरीतल्या माणसालाही कळले पाहिजे, म्हणाला.