लाटा, भरती आणि मोबाइल अ‍ॅप : कळव्याच्या खाडीसंबंधाने काही विचार

फुटत्या लाटेवर फळी टाकून तिच्या वेगाने किनाऱ्याकडे येणे, म्हणजेच सर्फिंग, या खेळाचा कळव्याशी सकृद्दर्शनी काहीच संबंध नाही. ठाण्याहून खाडी ओलांडताच लागणारे हे गाव समुद्रापासून पुष्कळ आत आहे. त्याच्या काठाशी लाट फुटत नाही. तेथे येते ती भरती. तथापि सर्फिंग करणाऱ्या समाजासाठी जी मोबाइल अ‍ॅप निर्माण झाली त्यांची रचना कळव्याच्या खाडीस लावून पाहिल्यास, अशा साधनातील कोणता भाग सर्वत्र चालतो आणि कोणता त्या त्या जागेचाच असतो, हे चांगले ध्यानात येते.

१९८५ साली कॅलिफोर्नियात 'सर्फलाइन' ही दूरध्वनीवरून लाटांचा अंदाज सांगणारी सेवा सुरू झाली. तिचेच आजचे रूप म्हणजे मोबाइलवरील अ‍ॅप. अशा अ‍ॅपमध्ये मुख्यतः लाटेची उंची, तिचा आवर्तकाल, वारा आणि भरतीची वेळ ही माहिती असते. नवखा मनुष्य उंचीच तेवढी पाहतो. जाणता आधी आवर्तकाल पाहतो. खोल पाण्यात लाटेची लांबी आवर्तकालाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर, तर १४ सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरांहून अधिक भरते. दोन्हींची उंची १ मीटरच असली तरी दूरच्या वादळातून निघालेल्या दुसऱ्या लाटेला तळाचा स्पर्श कितीतरी आधी जाणवतो आणि किनाऱ्याशी ती अधिक उंच होऊन फुटते. शिवाय 'लाटेची उंची' म्हणून जो आकडा दिला जातो तो सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी होय. काही तासांच्या अवधीत त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट येणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून पडद्यावर 'लाट १ मीटर' एवढेच ठळक अक्षरांत छापणारी रचना दिसावयास सुबक असली तरी धोक्याची होय.

येथपर्यंतचा भाग गणिताचा आहे व तो कोणत्याही समुद्रास लागू पडतो. पुढचा भाग जागेचा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली म्हणजे लाट फुटते. आणि वाळूचे बांध तर पावसाळ्यागणिक सरकतात. सरकलेला बांध कोठे आहे हे संगणकास ठाऊक नसते, तेथे रोज उतरणाऱ्या माणसास असते. त्यामुळे सभासदांची निरीक्षणे जमविणे अपरिहार्य ठरते. परंतु येथेच अडचण उभी राहते. चांगल्या लाटेची जागा परक्यास सांगू नये, असा या खेळातील जुना संकेत आहे. कारण जागेचा बोभाटा झाला की गर्दी लोटते. पाण्याची स्थिती सर्वांस दाखवावयाची, पण नेमके स्थळ दाखवावयाचे की नाही, हा निर्णय अ‍ॅपच्या रचनाकारास टाळता येत नाही.

आता कळव्याकडे वळू. ठाणे खाडी दक्षिणेस मुंबई बंदरास मिळते आणि उत्तरेस एका अरुंद प्रवाहाने उल्हासच्या खाडीशी जोडलेली आहे. म्हणजे या भागात भरती दोन्ही तोंडांनी येते. मुंबईचे छापील भरतीचे कोष्टक अपोलो बंदराचे; तेथील वेळ खाडीच्या वरच्या टोकास जशीच्या तशी लागू पडत नाही, पाणी येथे उशिरा चढते. कोळी समाजात व कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढण्याची जुनी रीत आहे : चतुर्थीस ३, अष्टमीस ६. सूर्य व चंद्र यांचे अंतर एका तिथीत १२ अंश वाढते, त्यामुळे भरती तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे पुढे सरकते. पाऊणपटीने ४५ धरली जातात. पंधरवड्याच्या अखेरीस ही तूट ४५ मिनिटांची होते आणि नव्या पक्षाबरोबर हिशेब पुन्हा मुळापासून सुरू होतो. तोंडी हिशेबासाठी याहून सोपे सूत्र सापडणे कठीण! मात्र दिवसाच्या दोन भरत्यांपैकी कोणती मोठी, हे त्यातून कळत नाही.

शिवाय मासेमाराची गरज निराळी आहे. डोल जाळे प्रवाहावर चालते. पाणी पूर्ण चढले तेव्हा प्रवाह मंदावतो, तो जोरात असतो मधल्या काळात, आणि भांगापेक्षा उधाणात अधिक. होडीच्या परतीस महत्त्व ओहोटीचे. चिखलात अडकलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत निघत नाही. तेव्हा येथील अ‍ॅपने उंचीचा आलेख दाखविण्याऐवजी 'पाणी केव्हा फिरेल' हे सांगावे, तेही उधाण आणि भांग याच शब्दांत, आणि जाळ्याबाहेर गेलेल्या मोबाइलवरही. ओल्या हाताने एकदाच दाबावयाचे 'पाणी फिरले' असे एक बटण ठेवले आणि काही पंधरवड्यांच्या नोंदी कोष्टकाशी ताडून पाहिल्या, तर कळव्याचे अंतर मिनिटांत काढता येईल. उधाण व भांग यांच्या नोंदी अर्थातच वेगळ्या ठेवाव्या लागतील.

हैदराबाद येथील 'इन्कॉइस' ही १९९९ साली स्थापन झालेली संस्था समुद्रस्थितीचे अंदाज व उंच लाटांचे इशारे मच्छीमारांना पुरविते. तिचे 'समुद्र' नावाचे अ‍ॅपही आहे. उघड्या समुद्रासाठीचा असा अंदाज खाडीच्या आतील पाण्यास परस्पर लावता येत नाही. तथापि त्यातून एक भेद शिकण्यासारखा आहे. धोक्याचा इशारा सर्वांचा असतो, तो विनाअट सर्वांपर्यंत गेला पाहिजे. मासळी कोठे लागते ही माहिती मात्र ती मिळविणाऱ्याची; सर्फिंगच्या जागेप्रमाणेच तीही नोंद करणाऱ्याच्या संमतीवाचून उघड होता कामा नये. पाणी फिरल्याची नोंद पाठविताना होडीचे ठिकाण आपोआप जाऊ लागले, तर जाणते लोक ते बटण दाबणार नाहीत, आणि अ‍ॅपजवळ अपोलो बंदराचे कोष्टकच तेवढे उरेल. म्हणून खाडीचे तीन-चार मोठे भाग पाडून नोंदीत फक्त भागाचे नाव घ्यावे हे बरे. पावसाळ्यातील नोंदींचा मात्र निराळा विचार करावा लागेल. उल्हासला वरून पूर आला म्हणजे ओहोटी लांबते आणि पाणी फिरण्याची वेळ पुढे जाते, तेव्हा त्या महिन्यांचे अंतर कोरड्या ऋतूच्या सरासरीत मिसळू नये.