बाळाला खाणे बाधते असे वाटले तर...

संशयावरून घास तोडू नका. धोक्याची खूण दिसली तर क्षणही दवडू नका

सातपूर असो की नाशिकरोड, कामगार वस्तीतल्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकड्यावर अर्धा तास बसले की एक तक्रार हमखास कानावर पडते. 'डॉक्टर, ह्याला अंडं सोसत नाही. मागं दिलं होतं तर अंगभर उठलं.' कोणी दुधाचे नाव घेते, कोणी शेंगदाण्याचे, कोणी सुकटीचे. दीड-दोन वर्षांचे मूल स्वतः काही सांगू शकत नाही. आई कंपनीत पाळीला गेलेली, मूल आजीकडे नाहीतर शेजारच्या मावशीकडे. त्याने काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, याचा मेळ लागत नाही. मग घरातच निकाल लागतो, 'आजपासून अंडं बंद.' पुढच्या महिन्यात दूध बंद, त्याच्या पुढच्या महिन्यात शेंगदाणे बंद. शेवटी त्या लेकराच्या ताटलीत वरणाचे पाणी, भात आणि बिस्कीट एवढेच उरते.

याच्या उलटही घडते. एखाद्या मुलाला खरोखरच ॲलर्जी असते. त्याच्या अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे, काव फासायची, दृष्ट काढायची आणि उतरले की चार दिवसांनी पुन्हा तेच खायला घालायचे. आमसुलाने खाज थोडी कमी वाटेल. पण श्वास कोंडू लागला तर त्याचा काहीही उपयोग नाही.

या दोन्ही गोष्टी मुलाच्या मुळावर येतात. म्हणून संशय आला तर तो कसा तपासावा, हे आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

बाधले म्हणजे ॲलर्जीच असे नाही

आपले शरीर रोगजंतूंशी लढण्यासाठी एक यंत्रणा बाळगून असते. ही यंत्रणा कधी कधी अंड्यातल्या किंवा दुधातल्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्यावर तुटून पडते. याला ॲलर्जी म्हणतात. पण मुलाला खाणे बाधण्याची कारणे इतरही पुष्कळ आहेत.

जुलाबाच्या आजारानंतर काही दिवस मुलाला दुधातली साखर पचत नाही. पोट फुगते, पातळ होते. ही ॲलर्जी नव्हे. आतडे सुधारले की बहुतेक मुलांना दूध पुन्हा पचू लागते. टोमॅटो किंवा लिंबू लागून तोंडाभोवती लाली आली, तर ती बहुधा आंबटाने झालेली जळजळ असते. घामोळे, डासांचे चावे आणि खरूज यांनाही 'खाण्याने उठले' असे म्हटले जाते. सर्दी-तापाच्या साथीत पुष्कळ मुलांच्या अंगावर गांधी उठतात. त्या दिवशी नेमके अंडे खाल्लेले असले की दोष अंड्यावर जातो. एकच मासळी खाऊन घरातल्या तिघा-चौघांचे तोंड लाल झाले, तर दोष मुलाच्या शरीराचा नसून शिळ्या मासळीचा असण्याची शक्यता जास्त.

चीन, भारत आणि रशिया येथील शाळकरी मुलांची एक मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. भारतातील काम कर्नाटकात झाले होते. तेथे अन्नाची ॲलर्जी ०.१४ टक्के मुलांत, म्हणजे हजारात एक-दोन मुलांत आढळली. त्याहून लहान मुलांत हे प्रमाण थोडे अधिक असू शकते, कारण दूध-अंड्याची ॲलर्जी पुष्कळदा वाढत्या वयाबरोबर जाते. तरीही ज्या मुलांवर संशय घेतला जातो, त्यांतल्या फार थोड्यांना खरी ॲलर्जी असते, हे लक्षात ठेवावे.

घड्याळाकडे पाहा

खऱ्या ॲलर्जीची मोठी खूण म्हणजे वेळ. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत त्रास सुरू होतो. अंगावर खाजणाऱ्या लालसर गांधी, ओठ किंवा पापण्या सुजणे, उलटी, खोकला ही तिची लक्षणे. दुसरी खूण अशी की तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला की बहुधा तसाच त्रास पुन्हा होतो. सकाळी अंडे खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी पुरळ आले, किंवा दहा वेळा अंडे पचले आणि एकदाच गांधी उठल्या, तर अंड्यावर ठपका ठेवण्याची घाई करू नये.

काही ॲलर्जी मात्र हळू चालतात. तान्ह्या बाळाच्या शीत रक्त किंवा शेंब दिसणे, वरचे दूध दिल्यावर तासा-दोन तासांनी वारंवार उलट्या होणे, वजन न वाढणे अशा वेळी घड्याळाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञाला दाखवावे.

धोक्याच्या खुणा

खाल्ल्यानंतर लगेच पुढीलपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

१. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, छाती आत ओढली जाणे, सतत खोकला.
२. आवाज घोगरा होणे, जीभ सुजणे, लाळ गिळता न येणे.
३. अंगावर गांधी आणि सोबत पुन्हा पुन्हा उलट्या.
४. मूल अचानक पांढरे पडणे, गळून जाणे, हाक मारल्यावर न पाहणे.

अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा जे वाहन मिळेल त्याने जवळच्या रुग्णालयात जावे. मुलाला आडवे ठेवून पाय थोडे वर करावेत. श्वासाचा त्रास असेल तर मांडीवर बसते करावे. पण उभे करू नये, चालवू नये. तोंडातून पाणी, दूध, काढा काही देऊ नये. बेशुद्ध मूल कुशीवर ठेवावे.

या अवस्थेतले मुख्य औषध म्हणजे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात. ते स्वस्त असून जितके लवकर मिळेल तितके चांगले. खाज कमी करणारे सर्दीचे औषध श्वास वाचवत नाही. म्हणून ज्या घरात असे मूल आहे त्या घराने गल्लीतल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे, 'आपल्याकडे ॲड्रेनॅलिन असते का? रात्री दवाखाना उघडा असतो का?' नसेल तर कोठे धावायचे हे ठरवून ठेवावे. त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालय, नाशिकरोडचे बिटको रुग्णालय, कथड्यातील डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, यांपैकी आपल्या घराला जवळचे कोणते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. इंजेक्शनने उतार पडला तरी त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. त्यामुळे डॉक्टर थांबा म्हणतील तोवर थांबावे.

घास तोडण्याची किंमत

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १२ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. म्हणजे एक अंडे तोडले की दिवसाच्या गरजेचा अर्धा वाटा गेला. ज्या घरात अंड्याच्या जागी पनीर, मटण किंवा सुकामेवा रोज येत नाही, तेथे ही तूट भरून निघत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर ३६.१ टक्के मुले कमी वजनाची आढळली. आपल्या लेकराला केवळ संशयावरून त्या रांगेत उभे करायचे का, याचा विचार व्हावा.

अंगावर पाजणाऱ्या आईनेही कोणी सांगितले म्हणून स्वतःचे दूध, अंडी, शेंगदाणे बंद करू नयेत. डॉक्टरांनी सांगितले तरच, सांगितले तितकेच दिवस बंद करावेत. गाईचे दूध बाधते म्हणून बकरीचे किंवा म्हशीचे देण्याची पद्धत आहे. त्या दुधांतली प्रथिने बरीचशी सारखीच असतात, त्यामुळे ज्याला खरी ॲलर्जी आहे त्याला तेही बाधू शकते.

वही ठेवा, फोटो काढा

संशय आला की एक साधी वही करावी. मुलाने काय खाल्ले, किती, किती वाजता. त्रास किती वाजता सुरू झाला, कसा होता, किती वेळ टिकला. त्या दिवशी ताप-सर्दी होती का, कोणते औषध दिले होते. आई कामावर असेल तर ज्याच्याकडे मूल आहे त्याने लिहावे. दुपारी उठलेल्या गांधी संध्याकाळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत मावळतात, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पाकिटातला पदार्थ असेल तर पाकीट फेकू नये.

त्रास सौम्य असेल, जसे अंगावरचा इसब वाढणे, तर डॉक्टर एकच पदार्थ दोन ते चार आठवडे थांबवायला सांगतात आणि मग तो पुन्हा सुरू करून पाहतात. पुन्हा सुरू करणे हा तपासणीचा अर्धा भाग आहे. तोच आपल्याकडे राहून जातो. पण पूर्वी श्वासाचा त्रास झाला असेल किंवा लगेच गांधी-उलटी झाली असेल, तर 'पाहू थोडं देऊन' असा प्रयोग घरी मुळीच करू नये. तो रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावा.

तपासणीचा कागद आणि मुलाचे शरीर

रक्ताच्या एका नमुन्यात शंभर-दोनशे पदार्थ तपासून देण्याच्या जाहिराती आपण पाहतो. त्यात हजारो रुपये जातात. कर्नाटकातील प्रौढांच्या एका पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिक्रिया दिसली. पण ज्यांना ॲलर्जी असण्याचा संभव होता असे १.२ टक्केच निघाले. म्हणजे नुसता कागद पाहून पदार्थ तोडले असते तर कित्येकांची ताटे विनाकारण रिकामी झाली असती. आधी वही, मग डॉक्टरांचे प्रश्न आणि त्यानंतर ज्या पदार्थावर संशय आहे तेवढ्याचीच त्वचेची किंवा रक्ताची तपासणी, हा क्रम योग्य.

पिठल्यापासून चिवड्यापर्यंत

परदेशी पुस्तकांत दूध, अंडे, शेंगदाणा, मासे यांची नावे असतात. आपल्याकडे त्यात हरभऱ्याची भर घालावी लागते. मुंबईच्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले की भारतीय उपखंडात हरभरा हा ॲलर्जीचा एक महत्त्वाचा पदार्थ आहे. ज्या मुलाला हरभरा खरोखर बाधतो, त्याच्या आईला पिठले, भजी, शेव, मिसळीवरची फरसाण आणि नाशिकच्या चिवड्यातली डाळ या सगळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. शेंगदाणा बाधणाऱ्यासाठी भाजीतले कूट, चिक्की, साबुदाण्याची खिचडी पाहावी लागते.

बंद पाकिटाबाबत आता कायद्याची मदत आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दूध, अंडे, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, काजू-बदामासारखा सुकामेवा, गहू यांसारखे पदार्थ आत असतील तर ते पाकिटावर वेगळे छापावे लागतात. हरभरा त्या यादीत नाही, म्हणून बेसनासाठी घटकांची पूर्ण ओळ वाचावी. घरात वाचता येणारा शाळकरी भाऊ-बहीण असेल तर हे काम त्याच्याकडे द्यावे.

नवा घास भिऊन पुढे ढकलू नका

सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर वरचे अन्न, हा नियम कायम आहे. अंडे, शेंगदाणे उशिरा दिले की ॲलर्जी टळते, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या अभ्यासाने २०१५ मध्ये हे मत उलटवले. ही बाळे तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे जोखमीची होती. पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाणा टाळलेल्यांत शंभरात सुमारे १७, तर लहानपणापासून नियमित खाल्लेल्यांत शंभरात सुमारे ३ मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली.

एका वेळी एकच नवा पदार्थ, आधी चमच्याच्या टोकाएवढा, तोही सकाळी, दवाखाने उघडे असताना द्यावा. दोन-तीन दिवस पाहून वाढवावा. अंडे चांगले उकडलेले असावे. शेंगदाण्याचे बारीक कूट पेजेत किंवा खिचडीत कालवावे. अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो, तो देऊ नये. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून गोवर-रुबेलाची लस चुकवू नये; ती अशा मुलांनाही देता येते. २०२२ च्या अखेरीस मालेगावात गोवराची साथ आली होती, हे विसरू नये.

उंबरठ्याबाहेर

ॲलर्जी नक्की झाली असेल तर ती घरातल्या चार माणसांपुरती ठेवून चालत नाही. अंगणवाडी सेविकेला, शेजारच्या मावशीला, आजोळी सर्वांना सांगावे. बुद्धपौर्णिमेची खीर किंवा जयंतीचा अल्पोपहार वाटताना कोणी प्रेमाने मुलाच्या तोंडात घास घालतो. त्याला नम्रपणे थांबवण्यात संकोच कसला? वाटणाऱ्या मंडळींनीही खिरीत काय आहे ते सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासते, त्या दिवशी वही सोबत न्यावी.

दूध आणि अंडे बाधणारी बहुतेक मुले मोठी होताना त्यातून बाहेर पडतात. शेंगदाणा आणि मासे यांची ॲलर्जी मात्र पुष्कळदा टिकते. म्हणून बंद केलेला पदार्थ कायमचा बंद समजू नये. वर्षा-सहा महिन्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारावे, 'आता देऊन पाहायचे का?'

वरच्या चार धोक्याच्या खुणा, १०८ हा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आजच स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवावे, अशी आमची सर्व माता-पित्यांना विनंती आहे.