जुने गुण किती बोलतात?

मागे एकदा गणपतीच्या सुमारास आमचे एक जुने सहाध्यायी पुण्यास आले होते. ते बरीच वर्षे इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यांच्या मुलीची गुणपत्रिका होती. गणितात ८, पदार्थविज्ञानात ८, रसायनशास्त्रात ७ आणि इंग्रजी, इतिहास, फ्रेंच वगैरे उरलेल्या विषयांत ६ आणि ५. मुलीला केम्ब्रिजला गणित शिकायचे आहे. तिच्या शाळेतील बाई म्हणाल्या होत्या, "पाच अर्ज करता येतात, त्यांतला एक कशाला वाया घालवतेस?" मुलगी दोन दिवस जेवली नव्हती.

"तुम्ही जन्मभर शिकवलंत. तुम्हीच सांगा, अर्ज करावा की नाही?" स्नेह्यांनी विचारले. शिवाय एक दाखलाही दिला. जॉन गर्डन हा ईटनच्या शाळेत असताना १९४९ साली जीवशास्त्रात अडीचशे मुलांत शेवटचा आला होता. पुढे त्याच गर्डनला २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले!

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. गर्डनचा दाखला खरा आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. शेवटच्या क्रमांकावरून पुढे गेलेला एक जण आपल्या लक्षात राहतो. तिथेच राहिलेल्यांची नोंद कोण ठेवतो? नंतर मात्र आम्ही हा प्रश्न थोडा नीट तपासून पाहिला. तो केवळ इंग्लंडचा नाही. जुन्या परीक्षेच्या गुणांवरून पुढचे किती सांगता येते, हा मापनशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक शिक्षकापुढे येतो.

आधी तिकडची पद्धत पाहू. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई ही परीक्षा होते. बहुतेक मुले आठ ते दहा विषय घेतात. पूर्वी ए-स्टार ते जी अशा श्रेणी असत. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने ९ ते १ असे आकडे आले. ९ सर्वांत वरचा. त्यानंतरची दोन वर्षे विद्यार्थी तीन, क्वचित चार विषयांचा ए-लेव्हलचा अभ्यास करतो. गंमत अशी, की ऑक्सफर्ड किंवा केम्ब्रिजचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या १५ ऑक्टोबरपर्यंत पाठवावा लागतो (सामान्यतः एका वर्षी दोहोंपैकी एकाच ठिकाणी), आणि ए-लेव्हलची परीक्षा त्यानंतर सात-आठ महिन्यांनी होते. म्हणजे अर्ज करताना विद्यार्थ्याच्या हाती पूर्ण झालेली सार्वजनिक परीक्षा एकच असते, ती सुमारे सव्वा वर्षापूर्वीची.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. मधल्या वर्षी एएस नावाची परीक्षा होई आणि केम्ब्रिजचा तिच्या गुणांवर मोठा भरवसा होता. २०१५ पासून तिचे गुण ए-लेव्हलमधून वेगळे काढले गेले, तेव्हा केम्ब्रिजने उघड नाराजी व्यक्त केली. बहुतेक शाळांनी हळूहळू ती परीक्षा सोडूनच दिली. हाताशी असलेले ताजे माप गेले, म्हणून केम्ब्रिजने २०१६ पासून बहुतेक विषयांना स्वतःच्या लेखी चाचण्या लावल्या. हा इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. निवड करणाऱ्यांनाही जुन्या गुणांवर विसंबून राहणे पुरेसे वाटत नव्हते.

का वाटत नसावे? पहिले कारण, प्रत्येक मापाला त्रुटी असते. प्रयोगशाळेत आपण मुलांना सांगतो, की मोजपट्टीवरचा सर्वांत लहान भाग एक मिलिमीटर असेल तर त्याहून बारीक गोष्ट तिच्यावरून सांगू नका. श्रेणीच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. इंग्लंडमधील परीक्षांवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफक्वॉल या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. ज्येष्ठ परीक्षकाने दिली असती तीच श्रेणी विद्यार्थ्याला प्रत्यक्षात मिळण्याची शक्यता किती, असा प्रश्न होता. गणितात ती सुमारे ९६ टक्के निघाली, इतिहासात सुमारे ५६ टक्के. म्हणजे इतिहासातला ६ हा ५ किंवा ७ असू शकला असता. गणितातला ८ मात्र बहुधा ८च. मुलीच्या गुणपत्रिकेवरचे सगळे आकडे सारख्याच शाईने छापलेले असले, तरी सारखेच विश्वसनीय नाहीत.

याचा अर्थ परीक्षकांच्या चुकीने तिचे गुण बुडाले असा कोणी घेऊ नये. एखाद्या विषयात चूक होईल. चार विषयांत ओळीने ६ असतील तर त्रुटी एकमेकींना बऱ्याच प्रमाणात छेदतात आणि उरते ते बहुतांशी खरे असते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आकडा कुठे मोजला गेला, यावर त्याचा अर्थ ठरतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या शाळेत मुलांची सरासरी श्रेणी ७.८ आहे आणि प्रमाण विचलन ०.६. दुसऱ्या शाळेत सरासरी ४.५ आणि प्रमाण विचलन १.२५. पहिल्या शाळेतील सुधाला सरासरी ८ मिळाले, दुसऱ्या शाळेतील मीनाला ७. सुधा आपल्या शाळेच्या सरासरीपेक्षा एक-तृतीयांश प्रमाण विचलनाने वर आहे. मीना दोन प्रमाण विचलनांनी. नुसते गुण पाहिले तर सुधा पुढे. शाळा धरून पाहिले तर मीना आपल्या वर्गातून कितीतरी उंच उठून दिसते. ऑक्सफर्ड आणि केम्ब्रिज दोन्ही ठिकाणी जीसीएसईचे गुण अशा रीतीने शाळेच्या कामगिरीच्या संदर्भात पाहिले जातात. ऑक्सफर्डमध्ये तर त्यासाठी वेगळा संदर्भित आकडाच काढतात. आजारपण, घरातील मृत्यू, शाळेत वर्षभर शिक्षक नसणे अशी कारणे असतील, तर ती कळवण्याचीही सोय असते, मात्र ती शाळेने किंवा डॉक्टरांनी लिहून द्यावी लागतात.

आमच्या स्नेह्यांना हा भाग फारसा आवडला नाही. त्यांची मुलगी चांगल्या शाळेत आहे आणि तिला काही आजार झाला नव्हता. तिला इतिहासाचा कंटाळा येत होता, एवढेच! अशा विद्यार्थ्याला संदर्भाचा लाभ मिळत नाही, आणि मिळूही नये.

मग तिच्या बाजूने काय उरते? इथे विषयाचा प्रश्न येतो. ऑक्सफर्डला वैद्यकशास्त्रासाठी अर्ज करायचा असता, तर आम्हीही तिला दुसरीकडे पाहायला सांगितले असते. तिथे मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना जीसीएसईचे गुण आणि प्रवेश चाचणी यांची सांगड घालतात. जुन्या गुणांना सरळ वजन आहे. केम्ब्रिजच्या गणिताचे तसे नाही. तिथे जीसीएसईची किमान अट नाही. सशर्त प्रवेशाची नेहमीची अट अशी असते: ए-लेव्हलला दोन ए-स्टार व एक ए, आणि शिवाय स्टेप नावाच्या परीक्षेच्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत पहिली श्रेणी. स्टेप परीक्षा जूनमध्ये होते. तिच्यातला एकेक प्रश्न सोडवायला अर्धा तास सहज लागतो आणि पाठांतराचा काही उपयोग होत नाही. विद्यापीठ जागांपेक्षा बऱ्याच अधिक मुलांना सशर्त प्रवेश देते आणि शेवटची चाळणी स्टेपवर सोडते. फ्रेंचमधला ५ तिथे कोणी विचारत नाही.

अभियांत्रिकी आणि निसर्गविज्ञानासाठी केम्ब्रिजने २०२४ पासून ईसॅट, तर अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्रासाठी टीएमयूए या चाचण्या घेतल्या. त्या अर्जाच्या सुमारासच होतात. कोणत्या विषयाला कोणती चाचणी, हे अधूनमधून बदलते, तेव्हा ज्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहणे बरे.

"कमी गुण घेऊन प्रवेश मिळवलेली मुले पुढे उत्तम चमकतात, म्हणजे जुने गुण निरर्थकच," असे विधान आपल्या कानावर येते. त्यात एक फसगत आहे. समजा, जुनी परीक्षा १० गुणांची आणि नवी चाचणीही १० गुणांची. बेरीज १५ किंवा अधिक असेल तर प्रवेश. आता ज्याला जुन्या परीक्षेत ६ आहेत, त्याला आत येण्यासाठी नव्या चाचणीत निदान ९ हवेत. ज्याला जुन्यात ९ आहेत, त्याला नव्यात ६ पुरतात. साहजिकच वर्गात बसलेल्यांपैकी जुन्या ६ची मुले नव्या चाचणीत भारी दिसणार! ज्यांना ६ आणि ६ मिळाले ती मुले वर्गात नाहीतच, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. गर्डनच्या दाखल्यात हेच झाले होते. वर्गात शिकवायला हे उदाहरण फार चांगले आहे. दोन फाशांवरही करून दाखवता येते: बेरीज ८ किंवा अधिक आली तेवढ्याच जोड्या लिहून ठेवाव्यात आणि मग दोन्ही फाशांचे आकडे आलेखावर मांडावेत.

तेव्हा प्रश्न "६ घेऊन प्रवेश मिळतो का?" असा नसून "हिच्याजवळ दुसऱ्या मापाचे ९ आहेत का?" असा आहे. ते कसे कळणार? स्टेपच्या जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. केम्ब्रिजने त्यांच्या तयारीसाठी विनामूल्य पाठही तयार केले आहेत. सहा महिने दर आठवड्याला दोन प्रश्न सोडवले, तर मुलीला आणि तिच्या बाईंना असा पुरावा मिळेल की जो कोणत्याही गुणपत्रिकेत नाही. तो विरुद्ध गेला तर तेही वेळेवर कळेल. इंग्लंडमध्ये गणित उत्तम शिकवणारी विद्यापीठे केवळ दोनच नाहीत.

आता बाईंविषयी. अर्जासोबत शाळेचे शिफारसपत्र जाते आणि ए-लेव्हलला कोणत्या श्रेणी मिळतील याचा शाळेचा अंदाज जातो. हा अंदाज कितपत बरोबर येतो? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तो केवळ १६ टक्के विद्यार्थ्यांच्या बाबतीत तंतोतंत उतरला. तीन-चतुर्थांश मुलांचा अंदाज प्रत्यक्षाहून वरचा होता. पण हुशार मुलांपुरते पाहिले, तर गरीब घरातल्यांना कमी लेखण्याचे प्रमाण सुखवस्तू घरातल्यांपेक्षा जास्त निघाले. ऑक्सफर्डला साडेतीन हजारांहून कमी जागांसाठी वीस हजारांहून अधिक अर्ज येतात, हे आपण वाचतो. शिक्षकाच्या एका वाक्याने जे अर्ज लिहिलेच गेले नाहीत, ते कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. बाईंचे वाक्य दुष्टपणाचे नव्हते. मुलीची निराशा टळावी असेच त्यांना वाटत असणार. आम्हीही अशी वाक्ये बोललो आहोत. बोलताना समोर होती ती गुणपत्रिका, तिच्या समासात खरडलेले गणित नव्हे.

ज्यांना अंदाजावर विसंबायचे नाही, त्यांना आणखी एक रस्ता आहे. ए-लेव्हलचा निकाल हाती आल्यावर, एक वर्ष थांबून अर्ज करायचा. तेव्हा जुन्या ६च्या शेजारी नवे ए-स्टार उभे असतात आणि शाळेच्या अंदाजाची गरज उरत नाही. वर्ष जाते हे खरे. पण त्या वर्षात गणित विसरले नाही म्हणजे झाले.

हे सारे आम्ही स्नेह्यांना एका लांबलचक पत्रात कळवले. त्यांनी ते भाषांतर करून मुलीच्या बाईंनाही दाखवले, हे आम्हाला नंतर समजले. मुलीने दिवाळीपर्यंत स्टेपच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील नऊ प्रश्न पूर्ण सोडवले होते, अकरा अर्धवट. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर ती वही घेऊन बाईंकडे जाते. एका प्रश्नावर दोघीही अडल्या, तेव्हा तो बाईंनी आमच्याकडे पाठवला. आम्हालाही तो दोन दिवस सुटला नाही.