साखरेच्या उजेडावरून रोगाचें भविष्य

रोगी बरा होईल काय, हा प्रश्न डॉक्टरास पहिल्याच दिवशीं विचारला जातो, आणि नेमकें त्याच दिवशीं त्याचें उत्तर देणें सर्वांत अवघड असतें. मान, कांख, जांघ येथें हाताला लागणाऱ्या लसिकाग्रंथींचे कर्करोग रक्ताच्या कर्करोगांतच मोडतात. त्यांपैकीं एकाचें वर्णन लंडनच्या टॉमस हॉजकिन यांनीं १८३२ सालीं केलें. तें मृतदेह तपासून केलेलें होतें. आज हाच हॉजकिन रोग जिवंत देहांत पाहतां येतो.

ह्या तपासणीस पेट स्कॅन म्हणतात. कर्करोगाच्या पेशी साखरेच्या फार अधाशी असतात. म्हणून किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेली साखर उपाशी रोग्याच्या शिरेंत टोंचतात आणि तासाभरानें चित्र घेतात. साखर जेथें सांठली असेल तेथें उजेड दिसतो. हें फ्लोरीन ११० मिनिटांत निम्में होतें, तेव्हां तें सांठवून ठेवण्याची सोय नाहीं.

मौज अशी कीं, उपचाराआधींच्या चित्रापेक्षां औषधांच्या दोन फेऱ्यांनंतरचें चित्र अधिक बोलकें ठरलें. इटली व डेन्मार्क येथील डॉक्टरांनीं बळावलेल्या रोगाच्या २६० रोग्यांचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांचा उजेड मावळला होता, त्यांपैकीं शेंकडा ९५ जणांचा रोग दोन वर्षांत पुन्हा उलटला नाहीं. ज्यांचा मावळला नव्हता, त्यांच्यांत हें प्रमाण अवघें शेंकडा १३ होतें!

श्रोत्यांना प्रश्न पडेल कीं, मावळला हें ठरवावयाचें कसें? फ्रान्समधील दोव्हिल येथें २००९ सालीं जमलेल्या तज्ज्ञांनीं पांच पायऱ्यांची मोजपट्टी सुचविली. रोग्याचें स्वतःचें यकृत हें तिच्यांतील एक महत्त्वाचें माप. त्याहून ग्रंथी उजळ दिसली कीं चिंता. तथापि उजेड साखरेचा असतो, रोगाचा नव्हे. मेंदू नेहमींच उजळतो. क्षयाच्या गांठीही उजळतात, आणि आपल्या देशांत हें विसरून चालत नाहीं. संशय आल्यास गांठीचा तुकडा तपासावाच लागतो.

भविष्य कळून उपयोग काय? २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत उजेड राहिलेल्यांना अधिक तीव्र औषधें देण्यांत आलीं. तीन वर्षांनंतर त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश रोगी ठीक होते. दोन अभ्यासांतील रोगी एकसारखे नव्हते, म्हणून आंकडे शेजारीं ठेवून फार बोलूं नये. उजेड मावळलेल्या नऊशेंहून अधिक रोग्यांचे मात्र दोन गट केले होते. एका गटाचें ब्लिओमायसिन हें फुप्फुसांस अपाय करणारें औषध थांबविलें, दुसऱ्याचें चालू ठेवलें. तीन वर्षांनीं रोगाच्या जोरावांचून राहिलेले, थांबविलेल्यांत शेंकडा ८४.४ व चालू ठेवलेल्यांत ८५.७ होते. फरक नगण्य, आणि फुप्फुसें वांचलीं. उरलेल्या शंभरीं पंधरांचा उजेडही मावळलाच होता. त्यांना त्या चित्रानें कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती.